कृष्णधवल फोटो हिरवे येतायत, शाई कोणती घेऊ? (तातडीचं)

गड्ड्याचाफोटोवाला
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत काढलेले नंदीध्वजाचे (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) २२ फोटो पाडव्याला लावायचेत. सगळे कृष्णधवल. घरीच प्रिंट काढतोय, तर काठी पेलणाऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्यांवर (अंगरख्यांवर) शेवाळ धरल्यासारखं दिसतंय. शाई बदलावी म्हणतो. कोणती घेऊ? चार दिवस हेच चाललंय, कागद वाया, बायको बोलायला लागलीय. लवकर सांगा.

होटगीरोड
प्रिंटर कुठला, कागद कुठला, आत्ता कुठली शाई आहे?

पुण्यातलासोलापूरकर
घरी कशाला मरताय! फाईल पुण्यात लॅबला पाठवा, प्रिंट पार्सलनं येतील.

काळीशाई
डोळे झाकून पिगमेंट शाई घ्या. डाय शाईत रंग विरघळलेला असतो, तो उजेडानं आणि हवेतल्या ओझोननं उडतो. पिगमेंटचे कण असतात, ते टिकतात. एप्सननं २००५ साली के३ शाई काढली, तीत काळा आणि दोन फिके काळे, असे तीन काळे. कृष्णधवल त्यावर बघा, मग बोला.

लेझरच_बरा
माझ्याकडे मोनो लेझर आहे. दुकानाची बिलं एकदम कडक येतात. शाई सुकायची कटकटच नाही.

होटगीरोड
बिलाचं कोण विचारलंय ओ. धागाकर्ते, प्रिंटर सांगा आधी.

गड्ड्याचाफोटोवाला
एप्सन एल८०५. कागद ग्लॉसी, १८० जीएसएमचा. शाई नवी पेठेतल्या एका दुकानातली, बाटलीवर ‘सर्व प्रिंटरसाठी’ लिहिलंय. हे पण सांगायचं असतं का? शाई विचारलीय मी.

होटगीरोड
अहो, इथंच तर सगळं आहे. एल८०५ मध्ये सहा डाय शाया: काळा, निळा, गुलाबी, पिवळा आणि फिका निळा, फिका गुलाबी. फिका काळा नाहीच. म्हणजे बाराबंदीवरची जी हलकी करडी सावली आहे, ती रंग मिसळून होते. ते प्रमाण ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कंपनीच्या शाईसाठी बसवलेलं. तुमच्या बाटलीतला गुलाबी जरा अशक्त निघाला की करडा हिरव्याकडे झुकतो. रंगीत फोटोत हे खपून जातं, कृष्णधवलमध्ये नाही.

काळीशाई
म्हणूनच म्हणतो, टाक्या रिकाम्या करून पिगमेंट भरा.

होटगीरोड
अजिबात नको. डायच्या नळ्यांत पिगमेंट ओतून माझं एक हेड (शाई फवारणारा भाग) गेलंय. त्यात हा मार्चातला सोलापूर. दहा दिवस प्रिंटर बंद ठेवला की हेडची बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, सुकून दगड. शिवाय ग्लॉसीवर पिगमेंट तिरकं धरलं की ब्राँझसारखं चमकतं. आणि पिगमेंटातला मॅट ब्लॅक (बिनचमकीच्या कागदाचा काळा) ग्लॉसीवर बसतच नाही, बोट लावलं की निघून येतो.

काळीशाई
आठवड्यातून नोझल चेकची एक चाचणी प्रिंट काढायला काय होतं? आळस तुमचा, दोष शाईला. पक्कं करायचं तर एक जुना एप्सन फक्त काळ्यासाठीच वेगळा ठेवा. त्यात कार्बन पिगमेंटच्या फिक्या-गडद छटा भरा आणि क्यूटीआर (क्वाडटोन रिप) या कृष्णधवल प्रिंटच्या सॉफ्टवेअरनं चालवा. अमेरिकेतल्या जॉन कोनची पायझोग्राफी ही प्रिंटची पद्धत याच वाटेवरची. रंगच नाही तर हिरवं कुठनं येणार? कार्बन थोडा तपकिरी दिसतो, नंदीध्वजाला शोभेल.

गड्ड्याचाफोटोवाला
काका, पाडवा दहा दिवसांवर आलाय.

जुनीडार्करूम
आमच्या वेळी ब्रोमाइड पेपर रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला की काळा म्हणजे काळाच यायचा. असली भानगडच नव्हती.

होटगीरोड
नव्हती कशी? डेव्हलपर (फोटो उमटवणारं रसायन) थकला, त्यात ब्रोमाइड साचलं की हिरवट झाक यायचीच की.

जुनीडार्करूम
ते थकलेल्या डेव्हलपरचं. आम्ही वेळेवर बदलायचो. (कधीकधी.)

शेंगाचटणी
ड्रायव्हरमध्ये ‘ग्रेस्केल’ टिक करा की. विषय संपला. बाकी प्रदर्शनाला कडक भाकरी ठेवणार असाल तर येतो.

गड्ड्याचाफोटोवाला
ते आधीच केलंय. ग्लॉसी निवडल्यावर तरी हिरवंच. साधा कागद निवडून काढला तर हिरवा गेला, पण काठी पेलणाऱ्याच्या कपाळावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके.

होटगीरोड
फिका काळा नसल्याचे ठिपके ते. आता शाई बदलू नका. एकाच फोटोचा बाराबंदीचा तुकडा घ्या, पाच पट्ट्या काढा, प्रत्येकीत मॅजेंटा (तोच गुलाबी) थोडा थोडा वाढवत. मागं पेन्सिलीनं आकडा लिहा. रात्रभर सुकू द्या, डाय सुकताना रंग सरकतो. मग खिडकीपाशी बघा आणि ट्यूबखाली बघा. प्रदर्शन झालं की सहाही टाक्यांत कंपनीची शाई.

गड्ड्याचाफोटोवाला
पट्ट्या सुकल्या. तीन नंबरची ट्यूबखाली एकदम करडी, तीच खिडकीत गुलाबी! दोन नंबरची खिडकीत बरोबर, ट्यूबखाली परत शेवाळ. डोळे गेले काय माझे?

काळीशाई
मेटामेरिझम म्हणतात त्याला. रंगांच्या मिश्रणातला करडा उजेडागणिक बदलतो. कार्बनमध्ये हे जवळजवळ नसतं. ऐकत नाही कुणी.

होटगीरोड
पुढच्या गड्ड्याला ऐकतील. धागाकर्ते, हॉलमध्ये दिवे कसले आहेत? त्याच दिव्याखाली पट्टी ठरवा.

गड्ड्याचाफोटोवाला
पाचही पट्ट्या घेऊन हॉलच्या दारात उभा आहे. वॉचमन जेवायला गेलाय, कुलूप आहे. आला की सांगतो.