वजनाचं इंजेक्शन घेतलंय का कुणी? खरं खरं सांगा

रानजाई:
वय ४३, उंची पाच फूट दोन, वजन ९१. शुगर काठावर. डॉक्टरांनी टिर्झेपटाइड सुचवलंय, आठवड्याला एक टोचणी. नवरा म्हणतो रोज टेकडी चढ. सासूबाई म्हणतात, सुया टोचून कुणी बारीक होतं का! टेकडी झाली, किटो झालं, दोनदाच जेवणं झालं. सगळं उतरलेलं परत चढलं. घेतलेल्यांनीच लिहा, प्लीज.

चिंचगूळ:
आठ महिने घेतेय. ९६ वरून ८२. पहिल्या टोचणीनंतर तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, चार वाजून गेले आणि मी फरसाणाचा डबा उघडलाच नाही. डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबली. बाकीचं सगळं सोसलं ते त्यासाठी.
सोसलं म्हणजे काय, तर अडीच मिलिग्रॅमवरून पाचवर गेले आणि सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर सुरू झाले. त्यात भाचीच्या लग्नात हट्टानं श्रीखंड-पुरी खाल्ली. रात्रभर उलट्या. अन्न पोटातून पुढे सरकायलाच वेळ लागतो, त्यामुळे तळकट अंगावर येतं. डॉक्टरांनी पाचवरच थांबवलंय, साडेसातची घाई नाही. मधे केसही गळले. आणि भूक नाही म्हणून नुसत्या चहा-खाकऱ्यावर राहू नकोस, चरबीबरोबर स्नायूही झडतात. मी आधी अंडी किंवा मुगाचं धिरडं खाते, मग जागा उरली तर पोळी. आठवड्यातून तीनदा डंबेल्स.

निशाचर:
मी सेमाग्लूटाइडवर होतो, तेही असंच आठवड्याचं वजनाचं इंजेक्शन. बारा किलो उतरले, खर्च झेपेना म्हणून सात महिन्यांनी बंद केलं. वर्षात आठ परत. त्याच्या ‘स्टेप १’ नावाच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं, आणि बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे मी अगदी हिशेबाप्रमाणेच वागलो :)
हा कोर्स नाही, बीपीच्या गोळीसारखं आहे. टिर्झेपटाइड मार्च २०२५मध्ये भारतात आलं तेव्हा अडीचची कुपी साडेतीन हजारांची होती, महिन्याला चार लागतात. सेमाग्लूटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६पर्यंतचं होतं, म्हणजे त्यानंतर ते इतर कंपन्यांनाही बनवता येतं, त्यामुळे दोन्हींचे आजचे भाव विचार. दोन वर्षांचा खर्च मांड, मगच सुरू कर.

खमंग_काकू:
औषधाच्या दुकानात २२ वर्षं काढलीत, म्हणून विचारते. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग? तुला कधी स्वादुपिंडाला सूज, पित्ताशयात खडे? ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्या असतील तर सुरुवातीचे आणि प्रत्येक वाढीव डोसनंतरचे चार आठवडे कंडोमसारखी दुसरी काळजी घ्यायची. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं. ठेवायचं फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये कधीच नाही. आणि जिमवाल्याकडून, पार्लरवालीकडून घ्यायचं नाही गं बाई, कितीही स्वस्त असो.

रानजाई:
काकू, खडे! दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत दिसले होते. त्रास नव्हता म्हणून विसरलेच, डॉक्टरांना सांगितलंच नाही. शुक्रवारी रिपोर्ट घेऊन जाते, तोवर टोचणी नाही.
चिंचगूळ, त्या ढेकरांचं पुढे काय झालं?

चिंचगूळ:
रात्री सातला जेवते, तेही अर्ध्या ताटात. आता क्वचितच येतात. लग्नं मात्र टाळते.