शब्दचर्चा: डायमंड कोटिंगला ‘हिऱ्याचा लेप’ म्हणायचं का?

सोलापूरहून लिहितोय. भाचीच्या सेमिनारचं मराठी करून देतोय, विषय म्हणजे शरीरात बसवायच्या सांध्यांवर, स्क्रूवर, इलेक्ट्रोडवर सिंथेटिक डायमंडचं कोटिंग. पहिल्याच ओळीला गाडी अडली. मी लिहिलं ‘कृत्रिम हिऱ्याचा लेप’, आईनं वाचलं आणि म्हणाली, गुडघ्यात खोटा हिरा कशाला घालायलेत रे, आणि लेप कसला, हळदीचा का चंदनाचा?

बरोबरच आहे की. कृत्रिम म्हटलं की आपल्याला प्लास्टिकची फुलं दिसतात, पण हा हिरा खराच, कार्बनच, फक्त खाणीतला नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तर २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढून टाकला. मुलामा म्हणावं तर आत पितळ असल्याचा वास येतो. मला कल्हई आवडली होती, कारण कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तसंच कोबाल्ट-क्रोमच्या सांध्यातून धातूचे आयन अंगात उतरतात आणि ते अडवायला वरून हा थर. पण कल्हई दर काही महिन्यांनी पुन्हा करायला लागते, गुडघा कोण उघडून देणार? सुचवा काहीतरी.

प्रतिसाद १
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य गेलं म्हणून बोलतो. नाम सोडा, आधी क्रियापद बघा. लेप लावतात, मुलामा चढवतात, हे मात्र *धरतं*. दिव्यावर वाटी धरली की काजळी धरते बघा, तसं. बंद भांड्यात बराचसा हायड्रोजन आणि थोडा मिथेन सोडतात, टंगस्टनची तार २००० अंशाच्या वर तापवतात नाहीतर मायक्रोवेव्हनं प्लाझ्मा करतात, मिथेन फुटतो आणि कार्बन खालच्या तुकड्यावर बसायला लागतो. त्यात काजळीच्या जातीचा कार्बन बसला की सुटा झालेला हायड्रोजन त्याला खाऊन टाकतो, हिरा तेवढा मागं राहतो. म्हणजे काजळीच, पण निवडलेली.

तुकडा साधारण ८०० अंशाला तापलेला असतो आणि खरी भानगड गार होताना होते. टायटॅनियम हिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आक्रसतं, वरचा थर दाबाखाली येतो आणि भिंतीच्या रंगासारखा पोपडा सुटतो. डीलॅमिनेशनला हाच शब्द वापरा, पोपडा. लोखंड आणि कोबाल्टवर तर हिरा धड धरतच नाही, कार्बन ग्रॅफाइटकडं वळतो, मधे दुसरा थर द्यावा लागतो.

आणि डीएलसीला डायमंड कोटिंग म्हणू नका, पाया पडतो. ते हिऱ्या*सारखा* कार्बन, स्फटिक नाही, कमी तापमानालाही बसतं. जावयासारखा म्हणजे जावई नव्हे.

प्रतिसाद २
दातांच्या लॅबमध्ये काम करते. तुमच्या आईंना सांगा, सराफाकडं अमेरिकन डायमंड म्हणून जो खडा मिळतो तो झिर्कोनिया, आणि आम्ही रोज दाताची कॅप करतो तीपण झिर्कोनियाचीच, फक्त स्फटिकाची ठेवण वेगळी. त्यामुळं ‘खोटा हिरा’ तोंडात आधीपासून आहे, खरा आता गुडघ्यात येऊ द्या. कृत्रिम सोडून ‘घडवलेला हिरा’ कसं वाटतं?

प्रतिसाद ३
का बे, डोपिंगला काय लिहिलास? बोरॉन घातलं की हिऱ्यातून वीज जाते, मग त्याच्या इलेक्ट्रोडनं मेंदूतलं डोपामिन मोजता येतं असं वाचलो. विरजण म्हण की, चिमूटभरात काम.

मूळ लेखक
विरजणानं सगळं दूध दही होतं बे, इथं बोरॉनचे थोडे अणू कार्बनच्या जागेवर जाऊन बसतात, बाकी हिरा तसाच. ‘बोरॉन मिसळलेला’ एवढंच ठेवलं.

ताई, ‘घडवलेला’ म्हटलं की पैलू पाडलेला वाटतो, दागिन्यातला. ‘वाढवलेला’ केलंय, कारण थर खरंच कणाकणानं वाढतो, काही मायक्रॉनपर्यंत. आता वाक्य असं झालंय: ‘टायटॅनियमवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचा थर धरवतात.’ आईला कळलं. भाचीचा फोन आला, मामा बाकी सगळं चालेल पण तेवढं पोपडा काढा, गाईड हसतील. मी ठेवलाय.