घरी लावलेले पिक्चर: पाहिलेले, पुन्हा पाहिलेले, अर्धे राहिलेले

गोकुळपेठची माई:
परवा रात्री घरी 'पिंजरा' लावला होता. गुरुजी फडात पुरते अडकले आणि नेमके लाइट गेले. अंधारात बसल्या बसल्या आठवलं, लहानपणी दूरदर्शनवर हाच पिक्चर जवळपास इथपर्यंतच पाहिला होता. तेव्हाही लाइटच गेले होते. मग पुढे काय झालं म्हणून आम्ही पोरं आजीच्या मागे लागलो. तिने टॉकीजमध्ये पाहिला होता. म्हणाली, "काही नाही, गुरुजी गावात परत आले, लोकांनी माफ केलं, शाळा सुरू झाली. झोपा आता." कितीतरी वर्षं माझ्यापुरता 'पिंजरा' तिथेच संपत होता. गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात फासावर जातात, कारण गाव त्यांना देव मानून बसलंय आणि तो देव मोडायला नको, हे तिला रात्री साडेदहाला पोरांना सांगवलं नसणार.
या वेळी लाइट आले आणि शेवटपर्यंत पाहिला. १९७२ चा पिक्चर, डॉ. लागूंचा पहिलाच. ताठ मानेच्या मास्तरापासून फडातल्या लाचार माणसापर्यंत काय खाली उतरत जातात ते! संध्याबाई मात्र मला तेव्हाही जरा जास्तच वाटायच्या, आताही वाटल्या. मारायला धावू नका.
तर तुमचं सांगा. इतक्यात घरी काय पाहिलं, काय पुन्हा पाहिलं, काय अर्धं सोडलं? शिव्यासुद्धा चालतील.

तर्रीपोहे:
माई, शेवट सांगून टाकला ना बाप्पा! पन्नास वर्षं झाली म्हणून काय झालं, मी या रविवारी पाहणार होतो 😄

महालवाला:
आजीला त्या काळी कोणी कथा लिहायला बसवायला पाहिजे होतं. आमच्या घरी उलटं. बाबा पिक्चर सुरू व्हायच्या आधीच शेवट सांगून टाकत, म्हणजे पोट्टे लवकर झोपतील. आम्ही तरी बसायचोच. झोपायचे ते स्वतः.

फुल्लस्पीड:
नागपुरात घरी पिक्चर पाहायचा तर खरा व्हिलन कूलर. एप्रिल ते जून आमच्या हॉलमधला तो लोखंडी राक्षस सुरू असतो. फुल्लवर ठेवला तर डायलॉग ऐकू येत नाही, स्लो केला तर घामाने डायलॉगमध्ये लक्ष लागत नाही. त्यामुळे आम्ही मराठी पिक्चरसुद्धा खाली इंग्रजी अक्षरं लावून पाहतो. पुण्याची मामेबहीण आली होती, तिला वाटलं आम्ही मराठी विसरलो. पिक्चरमध्ये कोणी मरायला टेकलं की बाबांना हमखास आठवतं, टाकीत पाणी नाही. मग बादली, पाइप, "नळ सोड", "बस बस बस, सांडून राहिलं". तोवर तो माणूस मेलेला असतो.
मागच्या आठवड्यात अशाच गडबडीत 'शेरनी' पाहिला. छान आहे पण हळू आहे. विद्या बालन फार बोलत नाही ते आवडलं.

पांढरकवड्याची सून:
'शेरनी' आमच्याकडे कोणी पिक्चर म्हणून पाहिलाच नाही हो. शूटिंग मध्य प्रदेशातलं, गोष्टही बदललेली, पण २०१८ मध्ये आमच्या भागात जे झालं ते डोळ्यासमोर येतंच. अवनी वाघिणीला नोव्हेंबरमध्ये मारलं. त्याआधीचे महिने सासरी कोणी एकट्याने शेतात जात नव्हतं. कापूस वेचायचा हंगाम, बाया घोळक्याने जायच्या, अंधार पडायच्या आत घरी. तेरा माणसं गेल्याचं सांगत होते. आणि इकडे टीव्हीवर शहरातले लोक तिला वाचवा म्हणून मेणबत्त्या लावून राहिले होते. मला वाघीण मारलेली आवडली असं नाही, तिची पिल्लं होती. पण पिक्चर पाहताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जंगलात गुरं नेणारा माणूस दोन मिनिटं तरी दाखवला, बरं झालं." शिकारी झालेला शरत सक्सेना मात्र त्यांना अगदी ओळखीचा वाटला 😅

फुल्लस्पीड:
@पांढरकवड्याची सून बापरे. मी कूलरचं काय लिहीत बसलो.

पांढरकवड्याची सून:
अहो लिहा की. कूलर आमच्याकडेही आहेच.

खामला_ते_हिंजवडी:
मी पुण्यात, अकाउंट माझं, पाहतात नागपुरात आईबाबा. मी उघडलं की "पाहणे सुरू ठेवा"मध्ये सगळे दक्षिणेतले हाणामारीचे डब पिक्चर. आईला विचारलं तर म्हणते बाबा पाहतात. बाबा म्हणतात आई पाहते. एक पिक्चर पहाटे पावणेतीनला थांबवलेला होता. कोणी कबूल करायला तयार नाही.

तर्रीपोहे:
आजी असेल 😂

अजनीचा पोट्टा:
झुंड, तो झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांच्या फुटबॉलचा, पुन्हा पाहिला. थेटरात पाहिला तेव्हा सगळा वेळ आपलं नागपूर शोधण्यातच गेला, हा पूल कुठला, ती भिंत कुठली, हा तर आपल्या ओळखीचा पोट्टा. घरी शांतपणे पाहिला तर पिक्चर कळला. नागराज मंजुळेंनी पोट्टे इथलेच घेतले म्हणून बोली खरी आहे, आपल्यासारखंच बोलून राहिले. अंकुश गेडामला पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा आम्ही चौकात पेढे वाटले, तो आम्हाला ओळखत नाही ही गोष्ट वेगळी. जयंतीची मिरवणूक आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडलेले अमिताभ, तिथे घरीसुद्धा अंगावर काटा आला.

बजाजनगर:
झुंड चांगला आहे पण लांबला. तीन तासांचा पिक्चर. मॅच जिंकली तिथे संपवायला पाहिजे होता. नंतर ते परदेशी खेळायला जायच्या पासपोर्टचं सुरू होतं आणि संपतच नाही. रिंकू राजगुरूचा भाग तर वेगळाच पिक्चर वाटतो.

संत्राबर्फी:
@बजाजनगर इथे माझं अजिबात पटत नाही. पासपोर्टचा भाग हाच तर पिक्चर आहे. मॅच तर कोणीही दाखवेल.
आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीच्या दाखल्याचं मी सोबत फिरून पाहिलंय. त्या आदिवासी आहेत. जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आता मला सांगा, ज्यांचा आजोबा शाळेतच गेला नाही, ज्यांच्या नावावर तुकडाभर जमीन नाही, ते पुरावा कुठून आणणार? गावच्या शाळेत जुनं रजिस्टर शोधायला गेलो. तिथले गुरुजी चांगले होते, त्यांनी कपाटातून काढून दिलं. पानं हातात घेतली की कडा गळून पडत होत्या. पणजोबांच्या भावाचं नाव सापडलं, पण आडनावाच्या जागी नुसती जात लिहिलेली, आणि तीही वेगळ्या स्पेलिंगने. पुन्हा ऑफिस. तिथल्या बाबूने प्रतिज्ञापत्र आणा म्हटलं. ते आणलं तर वंशावळ आणा. मुलगी दहावीला ब्याऐंशी टक्के घेऊन प्रवेशाच्या तारखेकडे पाहत बसलेली. पिक्चरमध्ये रिंकू आणि तिचा बाप इकडून तिकडे फिरतात ना, मला तो भाग अजून लांब असता तरी चालला असता. मंजुळेंनी तर खूप कमी दाखवलं.
दाखला मिळाला, हे सांगायचं राहिलं. मुलगी आता डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) करते.

बजाजनगर:
बरं. हे असं डोक्यात आलं नव्हतं. पुन्हा पाहीन तो भाग. (पण गाण्यांनंतर थोडी कात्री चालली असती, यावर मी ठाम आहे.)

अजनीचा पोट्टा:
@संत्राबर्फी ताई, मावशींना नमस्कार सांगा. ओबीसीला १९६७ च्या आधीचं मागतात, आम्हीही याच चक्कीतून गेलोय.

काळा कोट:
कागदांचा विषय निघालाच आहे तर 'कोर्ट' पुन्हा पाहा. मी वकील आहे, त्यामुळे कोर्टाचे पिक्चर बघताना बायको मला खोलीबाहेर काढते, मी सारखा "असं नसतं" म्हणतो म्हणून. 'कोर्ट'ला एकदाही म्हटलं नाही. तारखा अशाच पडतात. सरकारी वकील बाई दिवसभर शिक्षेसाठी भांडतात आणि घरी जाऊन कणीक मळतात, हे तर मी रोज बघतो. शेवटी सुट्टीवर गेलेले जजसाहेब बाकावर डुलक्या घेतात, त्याला हसायचं की नाही ते अजून ठरलं नाही.
यातले आरोपी शाहीर नारायण कांबळे म्हणजे वीरा साथीदार, आपल्या नागपूरचे. 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक, चळवळीतला माणूस, अभिनेता नव्हे. म्हणूनच तो माणूस कॅमेऱ्यासमोर आहे असं वाटतच नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. तो महिना नागपूरकरांनी कसा काढला ते वेगळं सांगायला नको.

गोकुळपेठची माई:
हो. त्या महिन्यात आमच्या गल्लीतलीही दोन घरं रिकामी झाली. 'कोर्ट' पाहिला नाही, पाहते.

मेडिकल चौक:
मला 'श्वास' परत पाहता येत नाही. २००४ मध्ये आला, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं म्हणून सगळ्यांनी पाहिला, मीही पाहिला. तेव्हा मी नोकरीला नव्हते. नंतर मेडिकलला नर्स म्हणून लागले. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन येतात आणि पहिला प्रश्न एकच, "बाई, कोणत्या खिडकीवर जायचं?" आता 'श्वास'मधले आजोबा, अरुण नलावडे, टीव्हीवर दिसले की मी चॅनल बदलते. पिक्चर वाईट नाही, फार चांगला आहे म्हणून.
जाऊ द्या. पोरांना 'झपाटलेला' दाखवला, ते सांगते. तात्या विंचूला मोठा घाबरला, धाकटी त्याच्या बाजूने! बाहुला पाध्यांचा आणि आवाज प्रभावळकरांचा, हे सांगितलं तर म्हणते, मग महेश कोठारे उगीच त्याच्यावर गोळ्या झाडून राहिला ना.

महालवाला:
धाकटीला वकील करा. काळा कोट साहेब आहेतच.

काळा कोट:
नको. तारखा मोजत म्हातारी होईल.

जुना फुटाळा:
घरचे पिक्चर म्हणता, पण आमचा हॉल म्हणजे गणपतीतला रस्ता. गल्लीत आडवा पडदा बांधायचे. पुढे मोठी माणसं, बाया, पाहुणे. आम्ही पोट्टे उशिरा पोचायचो, मग पडद्याच्या मागून पाहायचं. तिकडून सगळं उलटं. हीरो डाव्या हाताने मारायचा, शर्टाचा खिसा उजवीकडे, नावं तर वाचताच यायची नाहीत. मला अर्धा अमिताभ असाच माहीत आहे. आता टीव्हीवर तेच पिक्चर सुलटे दिसतात तर कायतरी चुकल्यासारखं वाटते.

तर्रीपोहे:
अमिताभ डावखुराच आहे ना भौ. म्हणजे तुम्हाला तो उजवा दिसला असेल 🤔

जुना फुटाळा:
आता झोप नाही येणार मला.

सिव्हिल लाइन्स:
आमच्या घरी डिसेंबरात अधिवेशन आलं की 'सिंहासन' लागतो. विधानभवन जवळ, बाहेर बॅरिकेड, मोर्चे, सायरन. कुठे जाता येत नाही, मग बाबा म्हणतात लावा. १९७९ चा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, आणि दर वर्षी बाबा त्यातल्या एकेका पात्राला आत्ताच्या पुढाऱ्याचं नाव देतात. दर वर्षी नावं बदलतात, पिक्चर तोच. कथा अरुण साधूंची, म्हणजे आपल्या परतवाड्याचा माणूस, हेही दर वर्षी सांगतात. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस शेवटी वेडा होतो तिथे बाबा चहा मागतात.

वऱ्हाडी ठेचा:
एक तक्रार. पिक्चरमध्ये वऱ्हाडी बोलणारा आला की तो नोकर नाहीतर विनोदी. हीरो काऊन वऱ्हाडी बोलत नाही? दुःख झालं की लगेच पुण्याची मराठी. याला अपवाद 'गाभ्रीचा पाऊस'. त्यात गिरीश कुलकर्णी शेतकरी आहे. शेजारच्याने जीव दिला म्हणून सोनाली कुलकर्णी धास्तावते, नवऱ्यावर नजर ठेवायला माणूस मागे लावते, त्याच्या आवडीचं रांधते. आणि त्याला बिचाऱ्याला कळतच नाही हे काय चाललंय. हसू येते आणि पोटात गोळाही येते. माझ्या काकांकडे असंच होतं, काका विहिरीकडे निघाले की काकू मागे भाऊ पाठवायची. काका आहेत अजून, ठणठणीत, परवाच हुर्डा घेऊन आले होते.

संत्राबर्फी:
हा कुठे पाहायला मिळेल?

वऱ्हाडी ठेचा:
माझ्याकडे जुनी डीव्हीडी आहे ताई, पण प्लेयर नाही.

मेडिकल चौक:
प्लेयर आमच्याकडे पडून आहे. चालतो की नाही पाहावं लागेल, त्यावर सध्या फुलदाणी ठेवली आहे.

बजाजनगर:
हिरानींचं कोणी नाव घेतलं नाही? नागपूरचा माणूस, वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं इथे. आम्ही 'थ्री इडियट्स' इतक्यांदा पाहिला की मुलगा इंजिनिअरिंग सोडतो म्हणाला.

महालवाला:
सोडलं का?

बजाजनगर:
नाही. चार विषय बॅक आहेत, तेच त्याला सोडत नाहीत.

फुल्लस्पीड:
विषयांतर करतो, माफ करा. कूलरचा पंप आत्ता बसला. रविवारी सीताबर्डीत कोणतं दुकान उघडं असते?

जुना फुटाळा:
आधी पंप उघडून जाळी साफ कर. क्षार साचतात. ब्रशने घास, निम्म्या वेळा तेवढ्यानेच चालतो.

फुल्लस्पीड:
घासून पाहतो. बाबांनी तोवर पिक्चर थांबवलाय, म्हणतात पहिल्यांदाच सगळं ऐकू येऊन राहिलं.