मदत हवी आहे: गरुडाच्या फोटोंना टॅबवर धारच दिसत नाही. दोष लेन्सचा, टॅबचा की माझा?

रेघोटी

मंडळी, नमस्कार. थोडी लांबड लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय निदान व्हायचं नाही.

मी मुळात चित्रं काढणारी, तीही हौशी. टॅबवर पक्षी काढायला लागले तेव्हा दुसऱ्यांचे फोटो समोर ठेवायचे. पुढे पुढे ते नकोसं झालं. एखादं पीस मनासारखं उतरलं तरी वाटायचं, बघितलं दुसऱ्याने, मी नुसतं गिरवलं. म्हणून जुनी १५०-६०० मिमी लेन्स घेतली, क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा २४ मेगापिक्सेल कॅमेरा घरात होताच, आणि गेले काही महिने एका तुरेवाल्या सर्पगरुडाच्या मागे आहे. मागे म्हणजे त्याच्या दरीच्या अलीकडच्या काठावर घडीची खुर्ची टाकून बसते. तो पलीकडच्या वाळक्या फांदीवर तास तास हलत नाही, आणि मी डबा उघडला की उडतो.

आता दुखणी. फोटो घरी येऊन टॅबवर उघडले आणि बोटांनी मोठे केले की डोळा, चोच, सगळं लोण्यात बुडवल्यासारखं. शटर १/२००० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००, लेन्स पूर्ण उघडी म्हणजे एफ ६.३. विकणाऱ्याने गळ्यात खराब लेन्स मारली का, या शंकेने झोप उडाली आहे.

दुसरं, कार्ड रीडर. टॅबला हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारी डबी), हबला कार्ड आणि एक एसएसडी (फोटो साठवायची बाहेरची ड्राइव्ह). कॉपी सुरू केली की पाच-सात मिनिटांत कार्ड गायब. काढून घातलं की परत दिसतं, परत गायब.

तिसरं, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात पेनची रेघ थरथरते. बाकी पडद्यावर सरळ, तिथेच नागमोडी. पेन बिनबॅटरीचं आहे. पडद्यावर कागदासारखी खरखरीत मॅट फिल्म आहे आणि मागे स्टँड होणारं फोल्डिंग कव्हर. निब (पेनचं टोक) बदलून पाहिली, टॅब रीसेट केला, काही फरक नाही.

जाणकारांनी मार्ग दाखवावा.

झापड

लेन्सला शिव्या देण्याआधी दोन गोष्टी सांगा. फोटो किती वाजताचे आणि पक्षी किती लांब?

रेघोटी

साडेदहा ते बारा. सकाळी सातला जाते, पण तेव्हा तो नुसता बसलेला असतो. ऊन चढल्यावर शीळ घालत घिरट्या घेतो ते हवं असतं. अंतर दोनशे मीटर तरी असेल.

झापड

मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा गरम होऊन वर चढते. गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, आणि दोनशे मीटरच्या वाटेत तो असा कितीतरी वेळा वाकत तुमच्या लेन्सपर्यंत येतो. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी चमकल्यासारखं दिसतं, त्याच जातीचा प्रकार. गंमत अशी की गरुड ज्या चढत्या हवेवर पंख न हलवता तरंगतो, तीच तुमचा फोटो खाते. तो उडायला लागतो ती वेळ आणि फोटो बिघडायची वेळ एकच.

तपासायची रीत सोपी आहे. फांदीवर बसलेल्याची एक सलग बर्स्ट घ्या, वीस-तीस फ्रेम. एकीत डोळा बरा, दुसरीत चोच वितळलेली, तिसरीत फांदीच वाकडी, असं दिसलं तर हवा. सगळ्या फ्रेम एकसारख्या मंद असतील तर फोकस किंवा लेन्स. बिघडलेली लेन्स फ्रेमगणिक मूड बदलत नाही.

आता हिशोब. सर्पगरुड साधारण ६५ सेंमी लांब धरू. ६०० मिमीवर, दोनशे मीटरवरून, तो तुमच्या सेन्सरवर २ मिमीहूनही किंचित कमी पडतो. म्हणजे आख्खा पक्षी ५०० पिक्सेल, त्यात डोकं ते केवढं, आणि तुम्ही डोळ्याची धार शोधताय! हाच पक्षी पंचवीस मीटरवर असेल तर ४००० पिक्सेल होतात. अंतरावर कुठल्याही लेन्सचा इलाज चालत नाही.

कुंचला

अहो, पण पंचवीस मीटरवर कोण येऊ देतंय! माझा तर पन्नासवरच तुरा फुलवून बघतो आणि सुटतो.

झापड

बरोबर, म्हणूनच आपण जायचं नाही, त्याला यायला लावायचं. उजाडायच्या आधी जाऊन गाडीत किंवा आडोशाला बसा. पक्षी गाडीला तितकं बिचकत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की मात्र संपलं. गाडीतून काढत असाल तर हीटर-एसी बंद आणि काचा आधीपासून खाली. आतली आणि बाहेरची हवा मिसळते तिथेच फोटो हलतो. घिरट्याच हव्या असतील तर तो डोक्यावर उंच असताना काढा, तापलेल्या जमिनीलगतची हवा मधे कमी येते. आभाळ मागे असलं की एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा, नाहीतर पोटाखालचे सगळे ठिपके काळोखात जातील.

खाटखूट

कॅमेऱ्यातलं मला कळत नाही, पण ताई, तुमच्या टॅबबद्दल बोलतो.

आधी धार. तुम्ही रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढता ना? टॅबवरची बरीच ॲप्स रॉ फाइल उघडतच नाहीत. तिच्या पोटात एक छोटा जेपेग असतो, तो दाखवून मोकळी होतात. काही कॅमेऱ्यांत तो १६१६ × १०८० एवढाच असतो. तो तुम्ही बोटांनी ताणलात तर लोणीच दिसणार. रॉ खरोखर उघडणाऱ्या ॲपमध्ये बघा किंवा कॅमेऱ्यावर रॉसोबत मोठा जेपेग लावा. त्यात तुमची मॅट फिल्म! पेनला पकड देते हे खरं, पण तिच्या खरखरीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, पांढऱ्यावर बारीक रंगीत चमचम दिसते आणि बारीक तपशील मरतो. चित्र काढायला छान, फोटो पारखायला कुचकामी. एक फोटो कॅमेऱ्याच्याच पडद्यावर १०० टक्के मोठा करून बघा, मग टॅबवर. फरक कळेल.

कार्ड गायब होतं ते विजेअभावी. टॅबचं पोर्ट देऊन देऊन किती वीज देणार? त्यावर हब, रीडर आणि एसएसडी तिघं जेवायला बसलेत. एसएसडी लिहायला लागली की जास्त ओढते, व्होल्टेज पडतो, कुणीतरी बाहेर फेकलं जातं. चार्जिंगचं वेगळं पोर्ट असलेला हब घ्या आणि त्याला पॉवर बँक जोडा. कॉपी होईपर्यंत पडदा झोपू देऊ नका, काही टॅब तेवढ्यात कामच थांबवतात. आणि टॅबसोबत आलेली चार्जिंगची केबल एसएसडीला लावली असेल तर ती बदला. दिसायला टाइप-सी, आतून बरेचदा जुनं, हळू यूएसबी २.०, व्यवहारात सेकंदाला ३०-४० एमबी. ६०० रॉ म्हणजे १५ जीबी धरले तरी सात-आठ मिनिटं तिथेच गेली.

कार्ड मात्र एसएसडीवरचे फोटो उघडून बघेपर्यंत फॉरमॅट करू नका. हे मी अनुभवाने बोलतोय, कुठला अनुभव ते विचारू नका.

थरथर: कव्हर काढून बघितलंत?

रेघोटी

कव्हर? नाही. त्याचा काय संबंध?

खाटखूट

तुमचं पेन बिनबॅटरीचं. पडद्यामागची तारांची जाळी चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यावर पेन जागं होतं आणि स्वतःची जागा सांगतं. आता त्याच जाळीमागे फोल्डिंग कव्हरचे लोहचुंबक चिकटवले तर ती जागा चुकणारच. कव्हर काढा, पट्टी ठेवून कोपऱ्यातून हळूहळू एक तिरकी रेघ ओढा. मग कव्हर लावून तीच रेघ.

पाणवठा

मधेच बोलतो. तुम्ही या पक्ष्याचे फोटो दुसऱ्या धाग्यावर टाकले होते, त्यातल्या एकात तो चोचीत काटकी घेऊन चाललाय. म्हणजे घरटं आहे. कृपया जागा कुणाला सांगू नका, आणि फोटो टाकताना त्यातलं जीपीएस काढून टाका. अंडी-पिल्लं असताना पक्षी घाबरून उठला की ती उन्हात किंवा गारव्यात उघडी पडतात, आणि कावळे टपलेलेच असतात. आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून बोलावणं तर नकोच.

रेघोटी

वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मी काही झाडावर चढत नाहीये. पण मग ते फोटो उघडून पाहिले, तर चारांत जागा जशीच्या तशी नोंदलेली होती. काढून टाकले. खुर्चीही आणखी मागे नेली. तसंही ५०० पिक्सेलच मिळत होते, ४५० मिळतील.

रेघोटी

आठवडाभराने हजेरी लावतेय.

कव्हर काढलं, रेघ सरळ. लावलं, नागमोडी. दोन महिने मी निब बदलत बसले होते, आता हसावं की रडावं. चुंबक नसलेलं साधं कव्हर घेतलं आणि टॅब लाकडी उतरत्या स्टँडवर ठेवते.

वेगळ्या वीजपुरवठ्याचा हब आणला, ६०० फोटो एका दमात उतरले.

बर्स्टची परीक्षा दोनदा घेतली. अकरा वाजता: तीस फ्रेममध्ये फांदी तीस प्रकारची. सकाळी सात वीसला, त्याच फांदीवर, त्याच अंतरावरून: सगळ्या सारख्या, आणि जेपेग कॅमेऱ्यावर बघितला तर तुऱ्यातली काळी-पांढरी पिसं वेगळी मोजता येतात. लेन्स निर्दोष. विकणाऱ्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या परत घेतल्या.

दोन शंका उरल्या. सात वीसच्या एका फ्रेममध्ये डोळा दुधाळ पांढरा आहे, मोतीबिंदू झाल्यासारखा. पक्षी आजारी आहे का? आणि फिल्म काढली तर पेन काचेवर साबणासारखं घसरतं, त्याचं काय करू?

झापड

आजारी नाही. ती तिसरी पापणी, डोळ्यावरून आडवी सरकते. आपल्याला दिसत नाही, पण १/२००० ला सापडते. पुढची फ्रेम बघा, डोळा पिवळाजर्द असेल.

रेघोटी

आहे! पिवळाजर्द.

खाटखूट

फिल्म राहू द्या, फोटो निवडायचं काम कॅमेऱ्यावर किंवा संगणकावर करा. काढायचीच असेल तर फेल्टची निब लावून बघा, काचेवर थोडी पकड येते. झिजते लवकर, चार-पाच जवळ ठेवा.

कुंचला

तुम्ही टाकलेलं नवं चित्र पाहिलं. तुरा आणि डोळ्यापासून चोचीपर्यंतचा पिवळा पट्टा अप्रतिम उतरलाय. पण पाय बघा. बोटांपर्यंत पिसांचा पायजमा घातलाय, तो सुवर्ण गरुडाचा. सर्पगरुडाचे पाय उघडे, पिवळे, खवल्यांचे असतात.

रेघोटी

अरे देवा. पाय फांदीआड होते म्हणून जुन्या संदर्भावरून काढले, दुसऱ्याच्याच फोटोवरून. उद्या सातला परत जाते.