चढावर गाडीचा दम जातो, सपाटीवर काहीच नाही. डिझेल फिल्टर असेल का?

तिसरा_गिअर
दीड लिटर कॉमन रेल डिझेल, नववं वर्ष चालू, १,१८,००० किमी झालेत. सेकंडहँड घेतली, त्यामुळे आधीच्या मालकाने काय बदललं आणि काय नाही, पत्ता नाही.

शहरात गाडी एकदम शहाणी. लांबच्या चढावर चार माणसं आणि सामान असलं, की तिसऱ्या गिअरात २,५०० आरपीएमपर्यंत बरी चालते आणि मग मागून कोणी धरून ठेवल्यासारखी होते. आणखी दाबलं की दोन-तीन गचके, इंजिनाचा पिवळा दिवा, आणि त्यानंतर काटा २,००० च्या पुढे जायला तयार नाही. बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की परत गुणी बाळ. बायको म्हणते, तुझी गाडी तुझ्यावरच गेलीय, चढ आला की धाप.

स्कॅनरवर पी००८७ हा एरर कोड आला. वर्कशॉपवाल्याने बॉनेट न उघडताच 'हाय प्रेशर पंप गेला' असं सांगून टाकलं. पंप बदलण्याआधी विचारतोय.

टर्बोपंत
पंप नाही, फिल्टरही नाही. माझ्या गाडीचं हेच रडगाणं होतं, शेवटी टर्बोकडून येणारा रबरी पाईप उललेला निघाला. तो आधी बघा.

नोझलकाका
टर्बोपंत, तुमची गाडी तेव्हा काळा धूर सोडत होती ना? तिथेच फरक कळतो. पाईप उलला की हवा कमी पडते, डिझेल मात्र येत राहतं, म्हणून काळा धूर. दमही नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाहीये. तिसरा_गिअर, मागच्या गाडीतल्या कोणाला तरी धूर बघायला सांगा.

पंपाला अजून हात लावू नका. पी००८७ एवढंच सांगतो की रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, हवं तेवढं प्रेशर नाही. का नाही, ते त्याला माहीत नसतं. पंप खराब असला तरी तो कोड येतो आणि पंप उपाशी असला तरी तोच येतो. मी पंप-नोझलच्या बेंचवर २६ वर्षं काढली. 'गेला' म्हणून आलेले किती तरी पंप बेंचवर ठणठणीत चालायचे.

गाडी नुसती उभी चालू असते तेव्हा रेलमध्ये साधारण २५०-३०० बार प्रेशर पुरतं आणि डिझेलही चमचाभर लागतं. चढावर पूर्ण दाबलं की प्रेशर १,६०० च्या आसपास किंवा वर जायला हवं, आणि डिझेल तांब्याभर. चोंदलेला फिल्टर चमचा देतो, तांब्या देत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बघतो की मागितलं तेवढं येत नाही, मग इंजिन वाचवायला ताकदच कापतो. तुमचा काटा २,००० ला अडतो तो म्हणून. शेजारी बसणाऱ्याच्या हातात स्कॅनर द्या आणि चढावर मागितलेलं व मिळालेलं रेल प्रेशर सोबत बघा. उभ्या गाडीत दोन्ही आकडे जुळतील, त्यावर जाऊ नका.

आणि हे असंच रेटू नका. त्या पंपाला वंगण म्हणून डिझेलच असतं. उपाशी चालला की आतून झिजतो, त्याचा चुरा नोझलमध्ये जातो, आणि मग वर्कशॉपवाला खरा ठरतो.

मागची_सीट
काका, पेट्रोलला पण असंच होतं का?

नोझलकाका
होतं, पण पेट्रोल तुलनेने स्वच्छ, त्यामुळे कमी. साध्या इंजेक्शनला ३-४ बारच लागतात. तिथे मिश्रण पातळ झाल्याचा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याचा, पी०१७१ कोड येतो, सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागतो, टाकीतला पंप गुणगुणायला लागतो. बऱ्याच नव्या गाड्यांत फिल्टर टाकीतच असतो, बाहेर शोधत बसू नका.

तिसरा_गिअर
धूर अजिबात नव्हता. चढावर मागणी १,५५०, मिळाले ८८०. फिल्टर काढला, तळाचा बोल्ट सैल केल्यावर अर्धी वाटी पाणी आलं. कापून बघितला तर कागदाच्या घड्यांत तपकिरी शेवाळासारखा गाळ. नवा बसवला आणि गाडी त्याच चढावर चौथ्यात गेली! डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा मागे एकदा लागून विझला होता, तेव्हा मी 'सेन्सर वेडा आहे' म्हटलं होतं, तेही इथे कबूल करतो.

नोझलकाका
तो गाळ म्हणजे जीवाणू-बुरशी. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे वाढते. म्हणजे टाकीतही असणार. नवा फिल्टर भरताना वरून डिझेल ओतलं नाही ना? मधल्या भोकातून ओतलेलं न गाळता थेट पंपात जातं. डिझेल चढवायचा छोटा हातपंप असतो, त्याने भरायचं आणि हवा काढायची.

तिसरा_गिअर
हातपंपानेच भरला.

पण तीन आठवडे झाले आणि आज पुन्हा तोच चढ, तोच गचका. दहा मिनिटं थांबलो, परत ठीक.

नोझलकाका
थांबल्यावर बरी होते, ती टाकीतल्या जाळीची खूण. पंप ओढतो तेव्हा गाळ जाळीला चिकटतो, इंजिन बंद केलं की गळून खाली बसतो. टाकी उतरवून धुवावी लागेल. त्यानंतर फिल्टर पुन्हा नवा, हा तीन आठवड्यांचाही टाकायचा. आत्ता टाकीत किती आहे? जेमतेम असेल तेव्हाच उतरवायला द्या, भरलेली टाकी दोघांनाही आवरत नाही.

तिसरा_गिअर
कालच फुल केली हो.