मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये श्रीलंका, मिरिसा की त्रिंकोमाली?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं (दोघं चाळिशीचे, आई ६८, मुलगी ११) ७ रात्रींसाठी श्रीलंकेला जातोय. गाडी, ड्रायव्हर-गाईड आणि हॉटेलं एकत्र असलेली टूर घेणार आहोत. मिळालेला मार्ग असा: सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला आणि शेवटी दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिसाला २ रात्री.

अडचण त्या शेवटच्या दोन रात्रींची आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसामुळे मे ते सप्टेंबर दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो आणि त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमालीकडे शांत. मुलीला पाण्यात उतरायचंय, त्रिंकोमालीजवळच्या पिजन बेटावर प्रवाळ बघायचेत. म्हणून मिरिसा काढून सिगिरियानंतर त्रिंकोमाली घाला, असं दोन टूरवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, "मिरिसा चालतं की." दुसरा तयार आहे, पण मग एल्ला गाळावं लागेल म्हणतो. कँडी-एल्ला रेल्वेसाठीच तर आम्ही निघालोय!

आईचे गुडघे दुखतात. सिगिरियाच्या साधारण १२०० पायऱ्या ती चढणार नाही, सलग पाच तास गाडीतही बसवत नाही. ती शाकाहारी आहे आणि तिथे सांबोलात (चटणीसारखं तोंडीलावणं) सुकी मासळी घालतात, हे माहीत आहे, त्यामुळे जेवणाचं आधीच सांगून ठेवलंय. तारखा बदलता येणार नाहीत.

ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: ७ रात्रींत त्रिंकोमाली आणि एल्ला दोन्ही आईला न दमवता बसतात का? बसत असतील तर मुक्काम कुठे किती ठेवलेत, आणि नुवारा एलिया गाळलं तर चालेल का?