धरण ‘फुटलं’ नाही, मग त्याचं झालं काय?

एक जर-तरची गोष्ट लिहितोय. अमेरिकेतलं हूवर धरण, २२१ मीटर उंच, १९३६ ला बांधून झालेलं, एका रात्री आहे तिथून गायब होतं. काँक्रीटचा खडासुद्धा मागे नाही पण मागचं पाणी मात्र जागच्या जागी. आता पुढचं वाक्य अडलंय. ‘फुटलं’ लिहिलं तर तडा, भगदाड असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं आणि इथे तर फुटायला काही उरलेलंच नाही. ‘अदृश्य झालं’ म्हणावं तर वाटतं की आहे पण दिसत नाहीये, मग पाणी अडलेलंच राहील की! ‘अंतर्धान पावलं’ पण लिहून बघितलं, पण ते देवांचं काम, वर देऊन झाला की. आणि नंतर खाली जे येतं त्याला पूर म्हणायचं, महापूर म्हणायचं की प्रलय?

*

सरळ ‘नाहीसं झालं’ लिहा हो, उगाच कशाला अवघड करताय. पूर मात्र नको. पूर चढतो, मग ओसरतो, त्यात वेळ असतो, लोकं काठावर जाऊन पाणी कुठवर आलं ते बघून येतात. तुमच्याकडे बघून यायला कोणी शिल्लक राहणार नाही, म्हणून लोंढा. प्रलयात सगळी सृष्टीच बुडते, एका नदीच्या खोऱ्यासाठी तो शब्द जरा जास्तच होतो.

‘फुटलं’चं म्हणाल तर ते मातीच्या धरणाला चपखल बसतं. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, आजही लोक फुटलंच म्हणतात. अमेरिकेतलं टीटन, जून १९७६, तेही मातीचंच, सकाळी गळती दिसली, भोक मोठं होत गेलं आणि दुपारच्या आत बांध गेला. याउलट फ्रान्समधलं मालपासे, २ डिसेंबर १९५९, काँक्रीटची पातळ कमान, ते जवळजवळ एका झटक्यात गेलं, ४०० च्या वर माणसं मेली. तुमच्या गोष्टीच्या सगळ्यात जवळचं हेच. आणि इटलीतलं वायोंत घ्या, ऑक्टोबर १९६३, डोंगर जलाशयात घसरला, पाणी धरणावरून उडून खालच्या गावांवर पडलं, दोन हजाराच्या आसपास लोक गेले आणि धरण आजही उभंय. तिथे ‘धरण फुटलं’ म्हटलं तर साफ खोटं.

*

यात एक गंमत सांगतो. धरण एका क्षणात नाहीसं झालं असं इंजिनियर लोक गणित सोपं व्हावं म्हणून खरंच धरून चालतात. रिटर नावाच्या जर्मन इंजिनियरने १८९२ ला असंच गणित मांडलं. खालचा तळ कोरडा आणि सपाट, घर्षण शून्य, मागे समजा १०० मीटर खोल पाणी. उत्तर असं की धरणाच्या जागी पाणी मूळ खोलीच्या ४/९ वर येतं, म्हणजे ४४ मीटर, आणि पुढचं टोक सेकंदाला सुमारे ६३ मीटर, तासाला सव्वादोनशे किलोमीटरने पळतं. खऱ्या दरीत दगडधोंडे, झाडं, वळणं असतात त्यामुळे वेग पुष्कळ कमी होतो.

पण शब्दाचा मुद्दा वेगळाच आहे. सगळे हौसेने ‘पाण्याची भिंत आली’ लिहितात. ट्रेमध्ये मधोमध पुठ्ठा उभा धरा, एका बाजूला पाणी भरा आणि पुठ्ठा झटकन वर ओढा. कोरड्या बाजूला आधी पाण्याची पातळ जीभ सरकते, फुगवटा तिच्या मागून येतो. आता खाली बोटभर पाणी ठेवून तेच करा, मग कुठे तोंडाशी उभा कडा दिसतो. म्हणजे नदी वाहती असेल तर भिंत लिहा, कोरडी असेल तर जीभ.

*

ढगफुटीत तरी ढग कुठे फुटतो? तरी चालतोच की शब्द. इतका कीस काढायची गरज आहे का?

*

ढगफुटी रुळलीये, मान्य, पण इथे क्रियापदावर सगळी गोष्टच उभी आहे ना. ‘धरण बांधलंच गेलं नाही’ हा खरा पर्यायी इतिहास, त्यात मागे पाणी साठतच नाही, नदी आपली नेहमीसारखी वाहते, कोणी मरत नाही. ‘धरण नाहीसं झालं’ हा इतिहास नाही, जादू आहे, म्हणून पाणी राहतं आणि माणसं मरतात. नसणं आणि नाहीसं होणं यातला फरक म्हणजेच तो लोंढा. बऱ्याच गोष्टींत लेखक पहिलं म्हणतो आणि पाणी दुसऱ्याचं वापरतो.

*

पटलं. सध्या असं लिहिलंय: ‘धरण नाहीसं झालं. पाणी क्षणभर तसंच उभं राहिलं आणि मग सुटलं.’

*

‘सुटलं’ नको. पाणी तोंडाला सुटतं नाहीतर कालव्याला सुटतं. ‘कोसळलं’ करा. आणि ते ‘क्षणभर उभं राहिलं’ पण काढा, आधार गेल्यावर पाणी कशाला थांबेल?